दात्याचें कर्तव्य



रुग्णांच्या हितासाठीं दिलेला पैसा सत्कारणींच लागला, असें आपण सहज म्हणतों. पण त्याच पैशांतून मुक्या प्राण्यांवर प्रयोग होतात असें कळलें, कीं मन अडखळतें. हा पेंच आजचा नाहीं. आपलें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. ज्या तिजोरींत या सुभ्याचा शेतसारा जमा होई, तिनेंच १८८९ सालीं अशा एका प्रयोगाला सढळ हातानें द्रव्य पुरविलें. त्याची ही हकीकत.

एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनीं १८४७ सालीं क्लोरोफॉर्मची भूल प्रचारांत आणली. शस्त्रक्रियेचें भय ओसरलें. परंतु पुढल्याच वर्षीं इंग्लंडांत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढतांना भुलीखालीं दगावली. तेव्हांपासून वाद पेटला : क्लोरोफॉर्मनें आधीं हृदय थांबतें कीं श्वास? हा नुसता पंडितांचा काथ्याकूट नव्हता. भूल देणारानें रोग्याच्या नाडीवर बोट ठेवावें, कीं श्वासावर नजर ठेवावी, हें या उत्तरावर ठरणार होतें.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी यांचें मत ठाम होतें : आधीं श्वासच थांबतो. १८८८ सालीं नेमलेल्या पहिल्या मंडळानें शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग करून तोच निर्वाळा दिला. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रानें शंका घेतली. तेव्हां सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारनें एक हजार पौंड देऊं केले व 'लॅन्सेट'नें आपलाच तज्ज्ञ पाठवावा, असें कळविलें. त्याप्रमाणें डॉ. लॉडर ब्रन्टन आले. कुत्रीं, माकडें, शेळ्या, मांजरें, ससे, घोडे अशा चारशेंहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि निर्णय पुन्हां तोच लागला. इंग्लंडांत १८७६ च्या कायद्यानें अशा प्रयोगांस परवाना लागे. येथें तसा निर्बंध नव्हता.

दात्याचा हेतु शुद्ध होता, यांत शंका नाहीं. प्रतिपक्षालाच परीक्षक म्हणून बोलावण्याचा मोठेपणाही त्यांत होता. परंतु निर्णय चुकला! १९११ सालीं डॉ. गुडमन लेव्ही यांनीं दाखवून दिलें, कीं अपुऱ्या, हलक्या भुलींतही हृदयाची लय एकाएकीं बिघडून मृत्यु ओढवतो. हैदराबादेंत मुख्य भर अतिमात्रेवर होता. अनेक रोगी तर भुलीच्या आरंभींच दगावत होते. प्रश्नच अपुरा विचारला गेला. मग चारशें प्राणी काय, चार हजार काय, उत्तर पुरें कोठून मिळणार?

येथें कोणी म्हणेल, "पाहा, हे प्रयोग व्यर्थच!" पण थांबा. लेव्ही यांनीं ती चूक उघडकीस आणली, तीही मांजरांवर प्रयोग करूनच. म्हणून सरसकट निषेध करणें सोपें नाहीं, आणि सरसकट समर्थन करणें तर त्याहून कठीण. भुलीमुळें त्या जनावरांच्या वेदना कमी झाल्या असतील. पण जीव गेले ते गेलेच. त्यांची संमति कोणी घेतली नव्हती, आणि लाभ व्हावयाचा तो सारा मनुष्याला.

आपल्या देशांत १९६० च्या कायद्यानें प्रयोगकर्त्यांवर बंधनें घातलीं : शक्य तेथें प्रयोग टाळावा, आणि करणें प्राप्तच झालें तर दयाबुद्धीनें व शक्यतों भूल देऊन करावा. पण कायदा प्रयोगकर्त्याचा हात धरतो. दात्याचें मन तो कोठून धरणार? आपण एखाद्या वैद्यकीय निधीला शंभर रुपये देतों, पावती घेतों, आणि कर्तव्य संपलें असें मानतों. तेव्हां तीन प्रश्न अवश्य विचारावे : हा प्रयोग खरोखर आवश्यक आहे काय? प्राण्यांविना दुसरा मार्ग नाहीं काय? आणि जो प्रश्न सोडवावयाचा, तो या प्रयोगानें सुटेल काय? हैदराबादच्या त्या मुक्या जिवांच्या वतीनें हा तिसरा प्रश्न वेळींच कोणी विचारावयास हवा होता.