दोन पेले
दिवाळीत घरभर फराळाचा घमघमाट सुटे. वडिलांपुढे मात्र दुधाचा पेला असे. त्यांना जठराचा व्रण, म्हणजे अल्सर होता. "चिंता सोडा, तिखट सोडा," एवढेच जो तो सांगे.

तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थ शहरी, रॉबिन वॉरेन यांना १९७९ साली रोग्यांच्या जठरात वेटोळे जंतू दिसले होते. हेच व्रणाचे मूळ, हे कुणाला पटेना. म्हणून १९८४ साली त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी त्या जंतूंचा पेला स्वतःच रिचवला. काही दिवसांतच ओकाऱ्या सुरू झाल्या, जठर सुजले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले.

आज हे जंतू सापडले, तर एकदोन आठवड्यांच्या औषधाने ते बहुधा मरतात. व्रण सहसा परतत नाही.

वडील मात्र जन्मभर आपल्या चिंतातुर स्वभावालाच दोष देत राहिले.