मावळत्या सूर्याचा कवी : क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ

प्रलयाची कल्पना आपणांस नवी नाही. विष्णुपुराणात कल्पान्ताचे जे वर्णन आहे त्यात एका सूर्याचे सात सूर्य होतात, त्रैलोक्य होरपळून जाते, मग मेघ वर्षू लागतात आणि सर्वत्र जलच जल होते. त्या जलावर शेषशायी भगवान पुढील सृष्टीपर्यंत निद्रिस्त असतात. आपला प्रलय असा तेजाचा अतिरेक होऊन येतो, आणि त्याच्या पलीकडे नवी पहाट ठरलेलीच असते. परंतु सूर्यच थकला, निखाऱ्यासारखा हळूहळू राखेने झाकत गेला, आणि त्यानंतर कोणतीही पहाट व्हावयाची नसली, तर त्या अखेरच्या दिवसांतील माणसे कशी जगतील? हा प्रश्न घेऊन एका अमेरिकन कवीने एक संपूर्ण कथाचक्र रचले. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ हे त्याचे नाव.

स्मिथचा जन्म १३ जानेवारी १८९३ रोजी कॅलिफोर्नियात झाला. ऑबर्न या गावाजवळ आईबापांनी बांधलेल्या एका साध्या लाकडी घरात त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ गेला. प्राथमिक शिक्षणापुढे तो शाळेत गेला नाही. घरीच त्याने इंग्रजीचा बृहत्कोश शब्दांच्या व्युत्पत्तीसह वाचून काढला, ज्ञानकोश वाचला, आणि पुढे फ्रेंच भाषा स्वतःच शिकून बोदलेअरच्या कवितांची भाषांतरे केली. आपल्याकडे अमरकोश मुखोद्गत करून काव्याकडे वळणारे विद्यार्थी असत, त्यांची येथे आठवण व्हावी. १९१२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याचा पहिला काव्यसंग्रह सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. जॉर्ज स्टर्लिंग हा त्या प्रांतातील मान्यवर कवी त्याचा मार्गदर्शक होता. वृत्तपत्रांनी या मुलाची तुलना थेट कीट्सशी केली.

ही कीर्ती टिकली नाही. वृत्तबद्ध, शब्दश्रीमंत कवितेचा काळ अमेरिकेत सरत चालला होता. १९२२ च्या संग्रहात त्याने पाचशेहून अधिक ओळींचे एक निर्यमक दीर्घकाव्य छापले. ब्रह्मांडाचा सम्राट होऊ पाहणारा एक स्वप्नद्रष्टा आपल्याच दृष्टान्तांपासून पळत सुटतो, असा त्याचा विषय आहे. ते वाचून दूर पूर्वेकडील प्रॉव्हिडन्स शहरातून एका अपरिचित लेखकाचे कौतुकाचे पत्र आले. तो लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट. पुढे पंधरा वर्षे, १९३७ मध्ये लव्हक्राफ्टचा मृत्यू होईपर्यंत, दोघांचा पत्रव्यवहार अखंड चालला. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही झाली नाही.

स्मिथ कथेकडे वळला तो मुख्यतः पोटासाठी. आईबाप वृद्ध झाले होते, आजारी होते, आणि त्यांचा सांभाळ करणारा हा एकच मुलगा. तो बागांतून फळे तोडी, लाकडे फोडी, आणि उरलेल्या वेळात लिही. १९२९ पासून सुमारे आठ वर्षांत त्याने शंभराच्या आसपास कथा लिहिल्या. त्यांतील बऱ्याच ‘वीअर्ड टेल्स’ या १९२३ साली सुरू झालेल्या मासिकात आल्या. हलक्या, खरखरीत कागदावर छापलेले, भडक मुखपृष्ठाचे हे मासिक विद्वानांच्या टेबलावर कधी दिसले नसते. मोबदला शब्दाला एक सेंट किंवा त्याहूनही कमी, आणि तोही उशिरा. एका प्रकाशनसंस्थेकडून थकलेले पैसे वसूल करण्यासाठी त्याला वकील करावा लागला. संपादकांनी नाकारलेल्या काही कथा त्याने १९३३ मध्ये गावच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात स्वखर्चाने छापून घेतल्या : हजार प्रती, किंमत पंचवीस सेंट. मातापित्यांच्या सेवेत देवालाही विटेवर थांबवून ठेवणारा पुंडलिक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या लेखनामागील कारण क्षुद्र वाटू नये. आई १९३५ मध्ये गेली, वडील १९३७ च्या अखेरीस. त्यानंतर स्मिथचे कथालेखन जवळजवळ थांबले.

त्याच्या कथांतील सर्वांत प्रौढ चक्र झोथिक नावाच्या खंडाचे आहे. झोथिक म्हणजे पृथ्वीवरील अखेरचा वसलेला भूप्रदेश. पूर्वीची खंडे कधीच बुडाली आहेत, विज्ञान विसरले गेले आहे, आणि काजळलेल्या सूर्याखाली जुने देव व जुनी जारणमारणे परत आली आहेत. ही कल्पना आपणांस थिऑसॉफीतील भूतभविष्य खंडांच्या सिद्धान्तावरून अंधूकपणे सुचली, असे स्मिथने स्वतः लिहून ठेवले आहे. आणि या खंडात अरबस्थान, इराण यांच्या जोडीला हिंदुस्थानही येतो, हेही त्याने नोंदविले आहे.

हा धागा आपल्या दाराशी येऊन पोचतो. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी तेथून ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केले. १८८२ च्या अखेरीस त्यांनी आपले ठाणे मद्रासजवळ अड्यारला हलविले. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या १८८८ च्या ग्रंथात हायपरबोरिया, लेमुरिया, अटलांटिस या खंडांची परंपरा येते, आणि तिची कालगणना कल्पमन्वंतरांच्या भाषेत मांडलेली आहे. स्मिथ या पंथाचा अनुयायी नव्हता. त्याला श्रद्धा नको होती, भूगोल हवा होता. तरीही पुराणांतील कालाची अफाटता अशी आडवाटेने कॅलिफोर्नियातील एका लाकडी घरात पोचली, हे विसरता येत नाही.

झोथिकची एकच कथा येथे सांगतो. ती १९३२ मध्ये छापली गेली. दोन मांत्रिक रोगाने ओस पडलेल्या एका राज्यात येतात आणि तेथील शतकानुशतकांचे मृत उठवून त्यांना आपले दास बनवितात. राजे पाणी वाहतात, राण्या सेवा करतात. या मृतांना पुन्हा जगण्याची इच्छा नाही. सुटलेली विस्मृती तेवढी परत हवी आहे. अखेर राजवंशातील सर्वांत धाकट्या सम्राटाला जाग येते, तो आद्य पूर्वजाला जागवितो, मांत्रिकांचा निकाल लागतो, आणि सगळी मृत प्रजा भूगर्भातील अग्नीकडे आपल्या पायांनी चालत जाते. पाश्चात्त्य वाचकाला येथे भय दिसते. देहाचा शेवट अग्नीत व्हावा, असे मानणाऱ्या आपणांस मात्र ही कथा एका राहून गेलेल्या अंत्येष्टीची वाटते, आणि तिच्यातील शान्त सूर आपण अधिक लवकर ओळखतो असे मला वाटते.

दोष नाहीत असे नाही. त्याचे शब्दभांडार कधी कधी कथेच्या अंगावर दागिन्यांसारखे लटकते, आणि त्याची पात्रे पुष्कळदा केवळ सावल्या असतात. पण भयानक आणि बीभत्स यांच्या ढिगातून अद्भुताचा विस्मय शाबूत बाहेर काढणे त्या मासिकातील फार थोड्यांना साधले. कथा थांबल्यावर तो परिसरातील मऊ दगडांतून विचित्र मुखे कोरीत बसे आणि कविता लिही. १९४२ व १९४४ मध्ये त्याच्या कथांचे दोन संग्रह निघाले. १९५४ मध्ये त्याने विवाह केला, आणि १४ ऑगस्ट १९६१ रोजी पॅसिफिक ग्रोव्ह येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या समग्र कवितेचे संपादन २००७-०८ मध्ये झाले. ते करणाऱ्या दोघांपैकी एक एस. टी. जोशी, म्हणजे १९५८ साली पुण्यात जन्मलेले आणि बालपणीच अमेरिकेत गेलेले सुनंद त्र्यंबक जोशी. पेंग्विनच्या अभिजात ग्रंथमालेत २०१४ मध्ये आलेला स्मिथचा निवडक संग्रहही त्यांच्याच हातचा आहे. २०१७ मध्ये, कधीही न भेटलेल्या त्या दोन मित्रांची पत्रे एकत्र छापली गेली, तीही याच दोन संपादकांनी.