श्रीनगर आणि वितस्तेचें पाणी

काश्मीरचें नांव निघालें कीं शिकारे आणि चिनार डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु श्रीनगरचा इतिहास समजून घ्यावयाचा तर प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. सुमारें ८५ मैल लांबीच्या त्या दरींतील पाण्याला बाहेर पडण्यास वाट एकच, आणि ती म्हणजे बारामुल्लाची अरुंद खिंड. ५,२०० फूट उंचीवरील या शहरापाशीं वितस्ता, म्हणजे आजची झेलम, जवळजवळ सपाट भूमीवरून वाहते. खालीं पात्रांत दगड व गाळ सांचला कीं वरचें पाणी तुंबलेंच.

अवंतिवर्म्याच्या कारकीर्दींत (इ. स. ८५५ ते ८८३) असेंच झालें होतें. शेतें पाण्याखालीं आणि प्रजा उपाशी. त्या वेळीं सुय्य नांवाचा, कुळाचा पत्ता नसलेला एक मनुष्य पुढें आला. त्यानें राजाकडून नाणीं मागून घेतलीं आणि ओंजळी भरभरून तीं नदींत फेकलीं! लोकांनीं त्याला वेडा ठरविलें. पण भुकेलेले लोक नाण्यांसाठीं पाण्यांत उतरले आणि शोधतां शोधतां पात्रांतील दगड उपसूं लागले. मग बांध घालून त्यानें सात दिवस प्रवाह अडविला, तळ साफ करविला व नदी मोकळी सोडली. भाताची जी खारी पूर्वीं २०० दीनारांना पडे, ती पुढें ३६ दीनारांना मिळूं लागली, असें कल्हण ‘राजतरंगिणीं’त सांगतो. नाण्यांची कथा कोणी आख्यायिका म्हणून सोडून दिली तरी भावाचा हा आंकडा बोलका आहे. सोपोर हें गांव म्हणजे त्याचेंच सुय्यपूर.

हिंवाळ्याचा जाच निराळा. पीर पंजालची रांग आड येत असल्यामुळें मोसमी पाऊस तेथें फारसा पोंचत नाहीं; पश्चिमेकडून येणारीं वादळें बर्फ आणतात. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ‘चिल्ला-इ-कलान’, सर्वांत कडक. आपल्या गृहिणी आगोटीपूर्वीं बेगमी करतात, तशा तेथील स्त्रिया बर्फापूर्वीं वांगीं व दुध्या वाळवून ठेवतात. फिरनखालीं निखाऱ्यांची कांगडी तर प्रत्येकाजवळ असावयाचीच.

१९०३ सालीं मोठा पूर आला. त्यानंतर पुराचें पाणी शहराला वळसा घालून नेणारा कालवा खोदण्यांत आला. या कालव्यानें धीर आला म्हणा, किंवा वस्ती वाढली म्हणा, पुढें पाण्यासाठीं राखलेल्या सखल भागांत बंगले उठूं लागले. १९७० नंतरच्या दशकांत जुन्या शहरांतील नाला मार बुजवून त्यावर रस्ता केला. सप्टेंबर २०१४ मध्यें मोसमी पावसानें पीर पंजाल ओलांडली, कित्येक दिवस धार धरली, आणि नदीनें कांठ सोडले. याला मी केवळ दैव म्हणणार नाहीं. राजबाग, जवाहरनगर या नव्या वस्त्यांत पाणी दुसऱ्या मजल्याला लागलें व आठवडे उलटले तरी ओसरेना; जुन्या पुलांजवळच्या उंचवट्यावरील पुष्कळशी घरें मात्र कोरडी होतीं.