तळटीप : ट्रायहॅलोमिथेन

ट्रायहॅलोमिथेन : पाण्यातील क्लोरीन जंतू मारतो, तसाच कुजलेल्या पालापाचोळ्याच्या विरघळलेल्या अंशाशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखी संयुगेही तयार करतो. नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी हे १९७४ मध्ये दाखवून दिले. पाण्यातील या संयुगांची अमेरिकेतील मर्यादा वार्षिक सरासरीने लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे. मिशिगनमधील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये नदीचे पाणी घ्यायला सुरुवात केली. जंतू आढळल्यावर क्लोरीन वाढवला गेला आणि ही मर्यादा ओलांडली गेली. रहिवाशांना लेखी सूचना मिळाली जानेवारी २०१५ मध्ये. हा उशीर अक्षम्य होता. (पुढे याच पाण्यातील शिशाचे प्रकरण गाजले आणि ही बाब मागे पडली.) मात्र यावरून वाचकांनी क्लोरीनच नको असे समजू नये, पटकी-विषमज्वराचा धोका कैकपटींनी मोठा आहे. सेंद्रिय अंश क्लोरीन घालण्यापूर्वीच काढून टाकणे, हा खरा उपाय.