मुलीचे वय की बापाचा ताबा?

"ती मोठी वाटली," हा बचाव न्यायालयात का टिकत नाही? याचे उत्तर १८७५ च्या इंग्लंडमध्ये सापडते.

हेन्री प्रिन्सने १६ वर्षांखालील मुलीला बापाच्या संमतीविना नेले. तिने आपले वय १८ सांगितले होते. त्याने ते प्रामाणिकपणे खरे मानले आणि तसे मानायला वाजवी कारण होते, हे ज्युरीनेही मान्य केले. तरीही तो दोषी ठरला. न्या. ब्लॅकबर्न म्हणाले, १८६१ च्या कायद्यात वय माहीत असण्याची अटच नाही. न्या. ब्रॅमवेल यांच्या मते मुलीला बापाच्या ताब्यातून नेणे हेच मुळात गैर. वय चुकल्याचा धोका नेणाऱ्याचा. एकटे न्या. ब्रेट विरोधात गेले.

आता १८६९ चा हिबर्ट खटला पाहा. रस्त्यात भेटलेल्या १४ वर्षांच्या मुलीला एका पुरुषाने नेले, शरीरसंबंध केला आणि परत आणून सोडले. तो सुटला! कारण ती पालकाच्या ताब्यात आहे हे त्याला माहीत असल्याचा पुरावा नव्हता. म्हणजे वयाबद्दलची चूक माफ नाही, बापाबद्दलचे अज्ञान मात्र माफ. मग कायदा जपत कोणाला होता? मुलीला की बापाच्या मालकीला?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ३६१ मध्येही पालकाच्या ताब्याचीच भाषा होती. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात सजातीय विवाहावर टिकते आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह अशी बंधने स्त्रीवर लादली जातात. ताब्याची भाषा याच व्यवस्थेच्या हातातले आयते हत्यार आहे. आंतरजातीय प्रेम दिसले की अपहरणाची फिर्याद!

मग 'मोठी दिसत होती' हा बचाव आपण मागायचा का? अजिबात नाही. त्याचा पहिला फायदा आपल्या वस्तीतल्या मुलींवर अत्याचार करणाऱ्यालाच मिळेल. वयाची अट कडकच हवी, पण मुलीच्या संरक्षणासाठी. १९६४ च्या वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समजत्या मुलीने स्वतःहून घर सोडले असेल, तर केवळ तिच्यासोबत असणे म्हणजे तिला 'नेणे' नव्हे. मुलीला स्वतःची इच्छा असते, हे तिथे मान्य झाले.

तरुणांनो, वय चेहऱ्यावरून ठरवू नका, दाखला पाहा. आणि मुलगी सज्ञान असेल, तर तिच्या निर्णयामागे ठामपणे उभे राहा.

जय भीम!