दोन सृष्टींत न मावलेले जीव

सजीव म्हणजे एक तर वनस्पती, नाही तर प्राणी, ही यूरोपीय विद्येतील जुनी विभागणी सूक्ष्मदर्शकाने अडचणीत आणली. डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकने १६७४मध्ये तळ्याच्या पाण्यातील सूक्ष्म जीव पाहून त्यांचे वर्णन केले खरे. परंतु पुढच्या शतकात कार्ल लिनियसने अशा काही जीवांना कृमींच्या वर्गातील ‘केऑस’ या प्रजातीत टाकून तो प्रश्न जवळजवळ मिटवूनच टाकला. कशाभिकेच्या, म्हणजे चाबकासारख्या तंतूच्या, साहाय्याने पोहणाऱ्या आणि तरीही हरितद्रव्य बाळगणाऱ्या युग्लीनावर तर वनस्पतिशास्त्रज्ञ व प्राणिशास्त्रज्ञ या दोघांनीही हक्क सांगितला.

या वादावर तोडगा म्हणून जॉन हॉग यांनी १८६०मध्ये आणि येना येथील अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६मध्ये तिसरी सृष्टी सुचवली. हेकेल यांनी तिला ‘प्रोटिस्टा’ म्हटले. मात्र जमाखर्चातील किरकोळ खात्याप्रमाणे, इतरत्र न बसणारे ते येथे, हाच तिचा खरा निकष असल्याने तिच्यात जीवाणूंनाही स्थान मिळाले. हर्बर्ट कोपलँड यांनी १९३८मध्ये जीवाणूंची सृष्टी वेगळी मानली, आणि रॉबर्ट व्हिटाकर यांच्या १९६९च्या पंचसृष्टी पद्धतीत कवकेही स्वतंत्र झाली. शालेय पाठ्यपुस्तकांतून रुजलेली पद्धत हीच होय.

तरीही कवक कोणाला म्हणावे, हा प्रश्न उरलाच. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचे पीक बुडवणारा फायटोफ्थोरा आणि द्राक्षवेलीवर केवडा रोग आणणारा प्लास्मोपारा हे दोन्ही, धाग्यांसारखी वाढ व बीजाणू यांमुळे, दीर्घकाळ कवकांत गणले गेले. दुसऱ्याच्या बंदोबस्तासाठी १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये बोर्डो मिश्रण पुढे आले. परंतु या दोघांच्या पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी सेल्युलोज असते, पोहणाऱ्या बीजाणूंना दोन कशाभिका असतात, आणि जनुकीय तुलनेनुसार त्यांचे जवळचे नाते डायटम व तपकिरी शैवालांशी जुळते. नाशिकच्या द्राक्षबागांत ज्याला ‘डाउनी’ म्हणतात तो हाच केवडा. तो आजही व्यवहारात बुरशीच मानला जातो आणि त्यात फारसे वावगे नाही, फक्त कवकांमधील स्टेरॉल-निर्मिती रोखणारी ट्रायझोल गटातील औषधे त्याच्यावर का चालत नाहीत, याचे उत्तर या वेगळ्या वंशावळीतच मिळते.

हिवतापाच्या परजीवीची गोष्ट याहून विलक्षण आहे, कारण १९९०च्या दशकात त्याच्या पेशीत शैवालाकडून आलेल्या, पण प्रकाशसंश्लेषण गमावलेल्या लवकाचा अवशेष ओळखला गेला.

अशा पुराव्यांपुढे प्रोटिस्टा ही एकाच पूर्वजाची संतती आहे असे म्हणणे अशक्य झाले. सिना अ‍ॅडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये सृष्टी, वर्ग, गण या पायऱ्या बाजूला ठेवून सर्व दृश्यकेंद्रकी जीव, म्हणजे पेशीत आवरणयुक्त केंद्रक असणारे जीव, सहा महासमूहांत मांडले; त्यांत प्राणी आणि कवके काही एकपेशीय प्रोटिस्टांसह एकाच समूहात आली. त्या सहांपैकी क्रोमाल्व्हिओलाटा हा महासमूह त्याच लेखकगटाने २०१२च्या सुधारित मांडणीत मोडीत काढला.