पोलंड : भूमी, इतिहास व राष्ट्रीयत्व

पोलंड : मध्य यूरोपातील एक प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सु. ३,१२,७०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ३ कोटी ८० लक्ष (२०२१). राजधानी वॉर्सा. याच्या पश्चिमेस जर्मनी, दक्षिणेस चेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया, पूर्वेस युक्रेन व बेलारूस, ईशान्येस लिथ्युएनिया आणि रशियाचा कालीनिनग्राड प्रांत असून उत्तरेस बाल्टिक समुद्र आहे. देशाच्या या सीमा दुसऱ्या महायुद्धानंतर ठरल्या. तत्पूर्वी त्या वारंवार बदलल्या आणि १७९५ ते १९१८ या १२३ वर्षांत तर पोलंड हे सार्वभौम राज्य म्हणून अस्तित्वातच नव्हते. राज्य लयास गेले, पण राष्ट्र टिकून राहिले, असे पोलंडविषयी नेहमी म्हटले जाते. ते खरे आहे. तथापि १७९५ मध्ये परतंत्र झालेले राष्ट्र आणि १९१८ मध्ये स्वतंत्र झालेले राष्ट्र यांचे घटक एकच नव्हते. पोलिश कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर या अवधीत पालटले आणि विसाव्या शतकात ते पुन्हा एकदा, अत्यंत क्रूर रीतीने, पालटले.

भूवर्णन : देशाचा बहुतेक भाग सखल व सपाट आहे. ‘पोलंड’ हे नाव ‘पोलाने’ या स्लाव्ह जमातीवरून आले असून या जमातीच्या नावाचा संबंध शेत किंवा मैदान या अर्थाच्या ‘पोले’ या शब्दाशी जोडला जातो. उत्तरेस हिमानी क्रियेने तयार झालेला सरोवरांचा पट्टा, मध्यभागी विस्तीर्ण मैदान आणि दक्षिणेस सुदेतन व कार्पेथियन पर्वतांच्या रांगा, अशी सर्वसाधारण रचना आढळते. टाट्रा पर्वतातील रिसी (सु. २,५०० मी.) हे सर्वोच्च शिखर होय. व्हिश्चुला (लांबी १,०४७ किमी.) ही प्रमुख नदी क्रेको व वॉर्सा या शहरांवरून वाहत जाऊन गदान्स्कजवळ बाल्टिकला मिळते. पश्चिमेकडील ओडर नदीचा काही भाग जर्मनीशी सरहद्द म्हणून मानला जातो. सायलीशियातील दगडी कोळसा व क्रेकोजवळील व्ह्येलिच्का येथील मिठाची प्राचीन खाण प्रसिद्ध आहेत. बेलारूसच्या सीमेवरील ब्याउव्ह्येझा अरण्यात यूरोपीय गवा (बायसन) आढळतो.

दक्षिणेस पर्वत व उत्तरेस समुद्र असला, तरी पूर्व व पश्चिम या दोन्ही दिशांना पोलंडला नैसर्गिक तटबंदी नाही. मैदानातून सैन्ये सहज येऊ शकत आणि तितक्याच सहजतेने पोलिश सत्ताही पूर्वेकडे विस्तारू शकली. पोलंडच्या सर्व आपत्ती भूगोलाच्या माथी मारण्याची प्रथा आहे. परंतु याच मैदानावर पंधराव्या-सोळाव्या शतकांत यूरोपातील एक बलाढ्य राज्य उभे होते, हे तसे म्हणणारे विसरतात.

प्रारंभीचा इतिहास : प्यास्ट घराण्यातील पहिला म्येश्को या राज्यकर्त्याने ९६६ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. हीच पोलिश राज्याच्या इतिहासाची सुरुवात मानली जाते. दीक्षा रोमन पंथाची असल्याने पोलंड लॅटिन संस्कृतीच्या कक्षेत आला. त्याचे पूर्वेकडील स्लाव्ह शेजारी मात्र बायझंटिन परंपरेकडे वळले. म्येश्कोचा पुत्र बोलेस्लाव्ह यास १०२५ मध्ये राज्याभिषेक झाला. ११३८ नंतर राज्याची राजपुत्रांत वाटणी होऊन ते दुबळे झाले. या काळात बाल्टिक किनाऱ्यावरील प्रशियनांच्या बंदोबस्तासाठी एका पोलिश राजपुत्राने ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांना पाचारण केले (१२२६) आणि पुढे त्यांचीच सत्ता पोलंडला समुद्रापासून तोडणारी ठरली. तिसरा कॅझिमिर (कार. १३३३–७०) याने राज्य सुस्थिर केले, ज्यूंना पूर्वी दिलेल्या सनदा कायम केल्या आणि १३६४ मध्ये क्रेको येथे विद्यापीठ स्थापन केले.

राणी याद्विगा व लिथ्युएनियाचा ग्रँड ड्यूक यागिएलो यांच्या विवाहाने (१३८६) दोन्ही राज्ये एका छत्राखाली आली. त्यांच्या संयुक्त सैन्याने १४१० मध्ये ग्रूनव्हाल्ट येथे ट्यूटॉनिक नाइट्सचा निर्णायक पराभव केला. १५६९ च्या लूब्लिन येथील कराराने पोलंड-लिथ्युएनिया हे संयुक्त राज्य निर्माण झाले. यात पोलिशांबरोबर लिथ्युएनियन, रूथेनियन (म्हणजे आजच्या युक्रेनियन व बेलोरशियन लोकांचे पूर्वज), जर्मन, ज्यू, आर्मेनियन व तातार राहत. १५७३ च्या वॉर्सा येथील ठरावान्वये सरदारांनी परस्परांच्या धर्ममतांत हस्तक्षेप न करण्याचे मान्य केले. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली होती.

सरदारांचे राष्ट्र : या राज्यात ‘राष्ट्र’ याचा अर्थ ‘श्लाख्ता’ म्हणजे सरदारवर्ग असा होता. लोकसंख्येच्या सु. दहा टक्के असलेल्या या वर्गात मोठ्या जहागीरदारांपासून नांगर स्वतः हाकणाऱ्या निर्धन कुलीनांपर्यंत सर्वांचा समावेश होई. राजाची निवड तेच करीत आणि त्यांच्या संमतीवाचून नवा कायदा होत नसे (१५०५). या राष्ट्रात प्रवेश भाषेवर अवलंबून नव्हता. घराणे रूथेनियन, धर्म ऑर्थोडॉक्स, परंतु राष्ट्र पोलिश, असे स्वतःविषयी सांगणाऱ्यास त्यात विसंगती वाटत नसे. याउलट अस्खलित पोलिश बोलणारा भूदास शेतकरी मात्र या राष्ट्राचा घटक नव्हता. सरदारवर्ग आपले मूळ प्राचीन सार्मेशियन योद्ध्यांपर्यंत नेई. त्यांच्या शेतांवर राबणाऱ्यांचे कूळ निराळे, हेच त्यातून सुचविले जाई.

सतराव्या शतकात या राज्याचा ऱ्हास सुरू झाला. १६४८ मध्ये युक्रेनमधील कॉसॅकांचे बंड आणि १६५५ मधील स्वीडनची स्वारी यांनी देश उद्ध्वस्त झाला. १६८३ मध्ये यान सोब्येस्की याने व्हिएन्ना येथे तुर्कांचा पराभव केला; तथापि त्याचा लाभ मुख्यतः ऑस्ट्रियास झाला. संसदेतील (सेम) एकाही सदस्याच्या विरोधाने सर्व कामकाज रद्द करणारा नकाराधिकार (लिबेरुम व्हेटो) १६५२ पासून वापरला जाऊ लागला व राज्यकारभार ठप्प झाला. पोलंडच्या पतनाचे सर्व खापर या नकाराधिकारावर फोडले जाते. वस्तुतः सदस्यांना लाच देऊन तो वापरावयास लावणाऱ्या शेजारी सत्तांचा आणि भूदासांच्या श्रमावर निर्धास्त झालेल्या जमीनदारांचा वाटाही लहान नव्हता.

विभाजन : १७७२ मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे पहिले विभाजन केले. या धक्क्याने सुधारणावादी जागे झाले. ३ मे १७९१ रोजी सेमने मंजूर केलेले संविधान यूरोपातील आद्य आधुनिक लिखित संविधानांत गणले जाते. त्याने नकाराधिकार रद्द केला, नगरवासीयांना हक्क दिले आणि शेतकऱ्यांना कायद्याचे संरक्षण देऊ केले. भूदासपद्धती मात्र कायम ठेवली. रशियाने आक्रमण करून संविधान हाणून पाडले आणि १७९३ मध्ये रशिया व प्रशिया यांनी दुसरे विभाजन केले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला तादेऊश कोश्चूश्को याने १७९४ मध्ये उठाव केला. रात्सवाव्हित्से येथील लढाईत सरळ पात्याचे कोयते घेतलेल्या शेतकऱ्यांनी रशियन तोफा काबीज केल्या. शेतकरी राष्ट्रासाठी लढल्याचा हा प्रसंग पुढे चित्रांतून व कथांतून अमर झाला, याचे कारण असे प्रसंग फार थोडे होते. उठाव मोडला आणि १७९५ च्या तिसऱ्या विभाजनाने राज्य संपुष्टात आले.

पारतंत्र्याचा काळ : नेपोलियनच्या आश्रयाने वॉर्साचे लहानसे राज्य निर्माण झाले (१८०७), पण ते टिकले नाही. १८३०–३१ व १८६३–६४ या दोन्ही वर्षी रशियाविरुद्ध झालेले उठाव चिरडण्यात आले. हजारोंना सायबीरियात पाठविण्यात आले, हजारो देशत्याग करून पॅरिसला गेले. शॉपँचे संगीत व मित्सक्येव्हिचचे काव्य या देशांतरितांच्या जगात बहरले. मित्सक्येव्हिचचे पान तादेऊश हे काव्य (१८३४) पोलिशांचे राष्ट्रीय महाकाव्य मानले जाते; परंतु त्याच्या आरंभी कवी मातृभूमी म्हणून आवाहन करतो, ते लिथ्युएनियाला. कवीचा जन्म आजच्या बेलारूसमध्ये झाला व शिक्षण आजच्या लिथ्युएनियात. त्याच्या पिढीस यात विरोध दिसत नव्हता, कारण तिच्या मनातील पोलंड हे जुने संयुक्त राज्य होते.

उठावांचे नेते देशभक्त होते, यात शंका नाही. पण शेतकऱ्यांना ते आपले वाटत होते काय? १८४६ मध्ये गॅलिशियात ऑस्ट्रियाविरुद्ध उठावाची तयारी चालू असता शेतकऱ्यांनी जमीनदारांचे वाडेच लुटले आणि सु. एक हजार लोकांस ठार मारले. मरणारे व मारणारे पुष्कळदा एकाच भाषेचे व एकाच धर्माचे होते. पोलिश देशभक्तांना या घटनेने जो धडा दिला, तो कोणत्याही रणांगणावरील पराभवाहून मोठा होता. पुढे १८६३ च्या उठावाच्या गुप्त सरकारने आरंभीच शेतकऱ्यांना जमीन देण्याची घोषणा केली. परंतु प्रत्यक्षात ती जमीन देण्याचे श्रेय १८६४ मध्ये झारने मिळविले.

त्यानंतर राष्ट्रकार्याचे स्वरूप बदलले. शाळा, वाचनालये, सहकारी संस्था व पतपेढ्या यांवर भर देण्यात आला. रशियन अमलाखाली शाळांतून पोलिश भाषेस बंदी झाली, तेव्हा वॉर्सामध्ये घरोघर गुप्तपणे भरणारे ‘फिरते विद्यापीठ’ चालू झाले. मारी क्यूरी ही त्याची विद्यार्थिनी होती. तिने १८९८ मध्ये शोधलेल्या मूलद्रव्यास पोलोनियम हे नाव दिले, तेव्हा पोलंड हे नाव नकाशावर नव्हते. प्रशियन भागात व्ह्झेशन्या येथील शाळेत १९०१ मध्ये धर्मशिक्षण जर्मनमध्ये घेण्यास नकार देणाऱ्या मुलांना छड्या मारण्यात आल्या. नवे घर बांधण्यास परवानगी न मिळालेला मीखाऊ द्झीमावा हा शेतकरी आपल्याच जमिनीवर चाकांच्या गाडीत राहू लागला (१९०४) आणि त्याची गाडी यूरोपभर गाजली. ऑस्ट्रियाच्या गॅलिशियात मात्र १८६० नंतर स्वायत्तता मिळाल्याने क्रेको व लव्हूव्ह येथील विद्यापीठे पोलिश विद्येची केंद्रे बनली. ज्या शेतकऱ्याचे आजोबा राष्ट्राबाहेर होते, तो आता भाषा व कॅथलिक धर्म यांच्या आधारे स्वतःस पोलिश म्हणू लागला. मात्र याच कसोटीने युक्रेनियन, लिथ्युएनियन व ज्यू या राष्ट्राच्या बाहेर पडू लागले आणि त्यांच्यातही स्वतंत्र राष्ट्रीय चळवळी उभ्या राहिल्या.

स्वातंत्र्य व महायुद्ध : पहिल्या महायुद्धात विभाजन करणारी तिन्ही साम्राज्ये कोसळली व ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पोलंड स्वतंत्र झाला. युझेफ पिल्सुट्स्की यास जुन्या संयुक्त राज्याच्या धर्तीवर पूर्वेकडील राष्ट्रांचा संघ हवा होता. त्याचा प्रतिस्पर्धी रोमान द्मोव्हस्की यास एकभाषिक कॅथलिक राष्ट्र हवे होते. प्रत्यक्षात दोहोंपैकी काहीच घडले नाही. १९२० मध्ये वॉर्साच्या लढाईत सोव्हिएट सैन्याचा पराभव झाला आणि १९२१ च्या रीगा कराराने युक्रेन व बेलोरशिया यांचे पश्चिम भाग पोलंडकडे आले. देशातील सु. एक तृतीयांश लोक अल्पसंख्य होते. पहिला राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल नारूतोव्हिच हा अल्पसंख्यांच्या मतांमुळे निवडून आला, या रोषातून शपथविधीनंतर पाचच दिवसांत त्याची हत्या झाली (१९२२). १९३१ च्या जनगणनेत पूर्वेकडील दलदलीच्या पोलेस्ये प्रांतातील सात लाखांवर लोकांनी आपली भाषा ‘इथली’ एवढीच नोंदविली. पोलिश, युक्रेनियन वा बेलोरशियन यांपैकी काही निवडण्याची गरज त्यांना भासली नव्हती.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएट रशियाने आक्रमण केले. १९४० मध्ये कातीन व अन्य ठिकाणी सु. २२,००० पोलिश अधिकारी व बंदी यांची सोव्हिएट पोलिसांनी हत्या केली. जर्मनांनी आउश्व्हिट्स, ट्रेब्लिंका इ. छावण्यांतून ज्यूंचा संहार केला. पोलंडचे सु. साठ लाख नागरिक मृत्यू पावले; त्यांतील निम्मे ज्यू होते. शतकानुशतके या भूमीत रुजलेला ज्यू समाज जवळजवळ नाहीसा झाला. वॉर्सामध्ये १९४३ साली ज्यूंच्या वस्तीने व १९४४ साली संपूर्ण शहराने उठाव केला. दुसरा उठाव ६३ दिवस चालला आणि त्यानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे जमीनदोस्त केले.

पूर्व पोलंडमधून सोव्हिएट रशियात हद्दपार केलेल्या लोकांपैकी काही जण १९४१ च्या समझोत्यानंतर सुटून इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सु. पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. युद्ध संपले, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांची गावे सोव्हिएट हद्दीत गेली होती. परत जावयाचे तर कोठे, या प्रश्नामुळे अनेकांनी अन्य देशांत कायमचे स्थलांतर केले.

युद्धोत्तर काळ : दोस्त राष्ट्रांच्या निर्णयानुसार पोलंड पश्चिमेकडे सरकविण्यात आला. पूर्वेचा सु. १,८०,००० चौ. किमी. प्रदेश गेला आणि पश्चिमेस व उत्तरेस जर्मनीचा सु. १,००,००० चौ. किमी. प्रदेश मिळाला. तेथील लक्षावधी जर्मनांना घालवून देण्यात आले. लव्हूव्हचे प्राध्यापक व प्रसिद्ध ग्रंथालयाचा काही भाग व्ह्रोत्सवाव्ह (पूर्वीचे ब्रेस्लाउ) येथे आले. १९४७ मध्ये आग्नेय भागातील सु. १,४०,००० युक्रेनियनांना विखरून उत्तरेस व पश्चिमेस वसविण्यात आले. अशा प्रकारे द्मोव्हस्कीचे एकजिनसी राष्ट्र साकार झाले, ते हिटलर व स्टालिन यांच्या कृत्यांमुळे आणि कम्युनिस्ट राजवटीत.

या राजवटीविरुद्ध १९५६ मध्ये पॉझनान येथे व १९७० मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर कामगारांचे उठाव झाले. क्रेकोचे कार्डिनल व्होइतिवा १९७८ मध्ये पोप (दुसरे जॉन पॉल) झाले. ऑगस्ट १९८० मध्ये गदान्स्कच्या गोदीतील संपातून लेख व्हावेन्सा याच्या नेतृत्वाखाली ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना निर्माण झाली व तिची सदस्यसंख्या एक कोटीच्या आसपास पोहोचली. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला; तथापि जून १९८९ च्या निवडणुकांत कम्युनिस्टांचा पराभव झाला. पोलंड १९९९ मध्ये नाटोचा व २००४ मध्ये यूरोपीय संघाचा सदस्य झाला.

या बदलामागे एक कमी परिचित विचार आहे. पॅरिसजवळून निघणाऱ्या कुल्तूरा या नियतकालिकाचे संपादक येझी ग्येद्रोइत्स यांनी अनेक वर्षे असे प्रतिपादन केले की, लव्हूव्ह व व्हिल्नो ही शहरे गेली हे मान्य करून पोलिशांनी युक्रेन व लिथ्युएनिया यांच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करावा. देशांतरितांना हे बोचले. पण १९८९ नंतर पोलंडने हेच धोरण स्वीकारले. म्हणूनच सीमा बदलण्याची मागणी न करता पोलंड आपल्या पूर्वेकडील शेजाऱ्यांशी करार करू शकला आणि २०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणानंतर लक्षावधी युक्रेनियनांनी तेथे आश्रय घेतला.

१९९७ च्या संविधानाने ‘पोलिश राष्ट्र’ याची व्याख्या प्रजासत्ताकाचे सर्व नागरिक, ईश्वरावर श्रद्धा असलेले व नसलेलेही, अशी केली आहे. व्याख्या अशी उदार असली, तरी वाद मिटलेले नाहीत. येद्व्हाब्ने या गावी जुलै १९४१ मध्ये पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यूंना कोठारात कोंडून जाळले, हे इतिहासकार यान ग्रोस यांच्या ग्रंथामुळे (२०००) सर्वांपुढे आले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर क्षमायाचना केली. परंतु केवळ बळी म्हणून स्वतःकडे पाहण्याची सवय झालेल्या समाजातील अनेकांना ती रुचली नाही. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकांनी आपले राष्ट्रीयत्व सायलीशियन असल्याचे नोंदविले. कशूबियन भाषेस २००५ च्या कायद्याने प्रादेशिक भाषेचा दर्जा मिळाला आहे. सायलीशियन भाषेस तो देणारे विधेयक संसदेने २०२४ मध्ये संमत केले, परंतु राष्ट्राध्यक्षांनी त्यास मंजुरी नाकारली.